घड्याळ किती चुकलंय, ते आधी बघा: कॉम्प्युटरची वेळ इंटरनेटवरून बरोबर ठेवण्याची रीत

नवी पेठेतले एक दुकानदार बिलिंगचा कॉम्प्युटर मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवायचे. घरातलं भिंतीवरचं घड्याळ आपण पाच-दहा मिनिटं पुढे लावतो ना, तसंच. पण दुसऱ्या दिवशी बघावं तर कॉम्प्युटर पुन्हा आपला खऱ्या वेळेवर. वैतागून त्यांनी कुणाकडून तरी ती 'आपोआप वेळ लागायची भानगड' बंद करून घेतली. पुढे दीड-दोन वर्षांनी एका सोमवारी कर भरायची साइट उघडेना, बँकेची उघडेना, मेलही उघडेना. नेटवाल्याला चार फोन झाले, राऊटर बदलून झाला. मी गेलो तेव्हा स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१५. नेट ठणठणीत होतं.

सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करताना हा प्रकार इतक्या वेळा बघितलाय की, आता कुणी "साइट उघडत नाही" म्हणालं की मी आधी विचारतो, "खाली तारीख-वेळ काय दिसतेय, वाचून सांगा." निम्मी कामं फोनवरच उरकतात.

बिलिंगला नव्यानं बसलेली पोरं, सेवा केंद्र चालवणारे, कारखान्याच्या हापिसातले क्लार्क यांच्यासाठी हे लिहितोय. विंडोजवर जास्त बोलेन, कारण इथल्या टेबलांवर तेच जास्त दिसतं. पत्ते आणि आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात. टाइप करताना इंग्रजीच्या छोट्या अक्षरांत करायच्या. 'डॉट' म्हणजे टिंब आणि 'स्लॅश' म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ.

वेळ चुकली म्हणून साइट का बंद पडते?

बँकेची किंवा सरकारी साइट उघडताना ब्राउझर तिचं प्रमाणपत्र तपासतो. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर २०१५ सालात बसला असेल, तर त्याच्या दृष्टीनं ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. मग तो साइट अडवतो. क्रोम तर सरळ 'तुमचं घड्याळ मागे आहे' असा इंग्रजीत निरोप देतो, पण तांबडी खूण दिसली की माणूस खालची ओळ वाचत नाही.

दुसरं ठिकाण मोबाइलमधल्या ऑथेंटिकेटर ॲपचं. त्यातला लॉगिनचा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो गुप्त किल्ली व चालू वेळ यांच्यातूनच तयार होतो. समोरचा सर्व्हर आपल्या घड्याळावरून तेच गणित करतो आणि दोन्ही उत्तरं जुळवून बघतो. मोबाइल पाच मिनिटं पुढे असेल तर कोड कितीही नीट टाइप करा, चूकच ठरणार. एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीला ही अडचण नसते, तो सर्व्हरकडूनच तयार होऊन येतो. मोठ्या कंपनीत डोमेनवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कवर, जोडलेल्या मशीनला पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर लॉगिनच अडतं.

बिलांची वेळ उलटीसुलटी पडणं, पाठवलेला मेल समोरच्याकडे कालच्या तारखेनं दिसणं, हे तर रोजचंच. काही जण मागच्या तारखेची एंट्री टाकायला कॉम्प्युटरचीच तारीख मागे करतात. कृपा करा, ते सोडा. एंट्रीची तारीख हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी टाकता येते.

घड्याळ एक नाही, दोन आहेत

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. कॉम्प्युटर बंद असतानाही ते चालतं, बटणासारख्या चपट्या सेलवर. त्या सेलचा नंबर बहुतेक वेळा सीआर-२०३२, दाब ३ व्होल्ट. दुसरं घड्याळ विंडोजचं. कॉम्प्युटर चालू होताना ते पहिल्याकडून वेळ उचलतं आणि मग आपलं आपण चालतं.

मदरबोर्डवरच्या घड्याळात मनगटी घड्याळात असतो तसाच क्वार्ट्झचा तुकडा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा दोनचा पंधरावा घात आहे, त्यामुळे पंधरा वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक सेकंद मिळतो. पण तुकडा म्हटला की थोडं कमी-जास्त आलंच. दहा लाखांत वीस इतकी चूक या तुकड्यांत चालवून घेतात. ऐकायला ती क्षुल्लक वाटते, पण दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला पाऊण मिनिटाच्या वर जाते.

त्यात आपला उन्हाळा. हा तुकडा साधारण २५ अंशांना सगळ्यात नीट चालतो. तिथून तापमान वर जावो की खाली, तो मंदच होतो, आणि जितकं दूर जाल तितका जास्त वेगानं. दुपारी शटर लावलेल्या, पत्र्याच्या दुकानात पारा ४५ च्या आसपास गेला, तर नुसत्या उष्णतेनं दिवसाला एक सेकंदभर घड्याळ मागे पडतं. म्हणून मे महिन्यात सुट्टीला गावी जाऊन आलात आणि कॉम्प्युटर मिनिटभर मागे दिसला, तर घाबरू नका. ते घड्याळ बिघडलेलं नाही, तापलेलं आहे.

आता फरक मोजा

नवशिका इथेच चुकतो. घड्याळ चुकलेलं दिसलं की तो लगेच काटे फिरवायला बसतो. हात लावण्याआधी मोबाइल शेजारी धरा, मोबाइलची वेळ आपोआप लागते आहे ना ते बघा, आणि फरक किती आहे तो कागदावर लिहा. ताप किती आहे यावरून डॉक्टर अंदाज बांधतात, तसा या फरकावरून रोग कळतो.

काही सेकंद किंवा एक-दोन मिनिटांचा फरक असेल तर इंटरनेटवरून वेळ घेणं बंद आहे, किंवा बऱ्याच दिवसांत झालेलं नाही. सोपं काम.

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल आणि त्याच मशीनवर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील, तर त्या दोघांचं भांडण आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

फरक साडेतेरा तास किंवा साडेबारा तास? मग टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिलाय. विंडोज नव्यानं टाकताना कुणी तो बदललाच नाही. साडेबारा यासाठी की उन्हाळ्यात तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात. पंधरा मिनिटं पुढे असेल तर यादीत आपल्या झोनच्या जवळच असलेलं काठमांडू चुकून निवडलं गेलंय. बरोबर बारा तास म्हणजे हातानं वेळ लावताना सकाळ-संध्याकाळ उलटी झाली.

आणि फरक वर्षांचा असेल, दरवेळी मेन स्विच बंद करून चालू केला की पुन्हा तीच जुनी तारीख येत असेल, तर सेल संपलाय. इथे सेटिंगमध्ये तासभर घालवून काही होणार नाही.

टाइम झोनचा घोळ, जो सगळ्यांत जास्त छळतो

इंटरनेटवरून जी वेळ येते ती भारताची नसते, अमेरिकेचीही नसते. येते ती जागतिक वेळ, यूटीसी. तिच्यात साडेपाच तास मिळवून भारतीय प्रमाणवेळ दाखवायचं काम तुमचं मशीन करतं, आणि किती मिळवायचे हे ते टाइम झोनवरून ठरवतं.

समजा झोन चुकीचा आहे. घड्याळ साडेतेरा तास मागे दिसतंय. तुम्ही झोनला हात न लावता वेळच बदलली. कोपऱ्यात आकडे बरोबर दिसू लागले, तुम्ही खूश. पण आतली यूटीसी आता साडेतेरा तास चुकली. संध्याकाळी विंडोजनं इंटरनेटला वेळ विचारली, आतली यूटीसी दुरुस्त केली आणि कोपऱ्यातले आकडे पुन्हा साडेतेरा तास मागे गेले. तुम्ही म्हणालात, "हे आपोआपचं खूळच माझं घड्याळ बिघडवतंय," आणि ते बंद केलं. ही सोय बंद केलेली मशीन मला जेवढी सापडतात, त्यातल्या बहुतेकांची कहाणी हीच असते. म्हणून आधी झोन, मग वेळ. हा क्रम उलटा करू नका.

जाता जाता एक गंमत. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेली आहे. सोलापूर ७६ अंशांच्या जरा अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य प्रमाणवेळेपेक्षा सुमारे २६ मिनिटं मागे चालतो, म्हणजे डोक्यावर यायला साधारण साडेबारा होतात. मुंबईत तर १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' पाळली जात होती. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते हे दुरुस्तीवाल्यांचं नशीब.

विंडोजमध्ये करायचं ते

१. बिलिंगचं सॉफ्टवेअर बंद करा. वेळेनं मागे उडी घेतली तर आधीच्या आणि नंतरच्या बिलांचा क्रम बिघडतो.

२. खाली उजवीकडच्या घड्याळावर राइट क्लिक करून तारीख-वेळ बदलण्याचा पर्याय घ्या. किंवा सेटिंग्ज उघडून 'टाइम अँड लँग्वेज' आणि त्यात 'डेट अँड टाइम'. विंडोज १० आणि ११ दोन्हींत वाट हीच.

३. 'टाइम झोन'च्या यादीत ज्या ओळीत यूटीसी अधिक ०५:३० आणि चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली अशी नावं आहेत ती निवडा. दुकानातला कॉम्प्युटर कुठे फिरायला जात नाही, म्हणून झोन आपोआप ठरवायचा खटका मी बंदच ठेवतो. लॅपटॉप घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी तो चालू ठेवावा.

४. घड्याळ पंधरा तासांपेक्षा जास्त चुकलं असेल, तर 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' बंद करून मोबाइलमध्ये बघून तारीख आणि वेळ हातानं लावा. हे का, ते खाली येतंय.

५. आता 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' चालू करा.

६. त्याच पानावर खाली 'सिंक नाऊ' बटण आहे. ते दाबा. दोन-चार सेकंदांत बरोबरची खूण येते आणि शेवटची जुळवणी कधी झाली ती वेळ दिसते.

घरगुती कॉम्प्युटरला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

चौथ्या पायरीचं कारण असं, की डोमेनला न जोडलेल्या विंडोज मशीनला मुळात एक मर्यादा घालून दिलेली असते. ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास. इंटरनेटवरची वेळ आणि आपली वेळ यांत याहून जास्त फरक असेल, तर विंडोज समोरच्या सर्व्हरवरच संशय घेतं आणि घड्याळाला हात लावत नाही. एका अर्थी शहाणपण आहे, कुणी खोटी वेळ पाठवून तुम्हाला दहा वर्षं मागे ढकलू नये. पण सेल संपलेल्या मशीनवर याच शहाणपणामुळे माणूस 'सिंक नाऊ' दाबून दाबून थकतो. हातानं जवळपास आणून द्या, मग ते आपोआप जुळतं.

हे आत चालतं कसं

यामागच्या पद्धतीला एनटीपी म्हणतात, नेटवर्क टाइम प्रोटोकॉल. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली. तिचा पहिला मसुदा १९८५ सालचा. इंटरनेटवर आज वापरात असलेल्या फार थोड्या गोष्टी इतक्या जुन्या आहेत. मिल्स २०२४ च्या जानेवारीत गेले.

खरी अडचण अशी, की वेळ विचारायला आणि उत्तर यायलाही वेळ लागतो. घरातलं घड्याळ चुकलंय आणि पोराला सायकलवरून चौकातलं घड्याळ बघून यायला सांगितलं, असं समजा. पोरगं येऊन म्हणालं, "दहा वाजलेत." पण ते तिथे बघितलं तेव्हाचे दहा, आता नाही. म्हणून पोरगं निघालं कधी आणि परतलं कधी हे आपल्या घड्याळावर बघून ठेवायचं, आणि येण्याजाण्याचा निम्मा वेळ दहामध्ये मिळवायचा.

एनटीपी हेच चार नोंदींनी करतं. माझं मशीन निरोप पाठवतं तेव्हा माझ्या घड्याळात समजा शून्य. सर्व्हरला तो मिळतो तेव्हा त्याच्या घड्याळात २०५० मिलिसेकंद (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग). तो उत्तर पाठवतो २०५१ ला. माझ्याकडे ते पोचतं माझ्या १०१ ला. एकूण १०१ मिलिसेकंद लागले, त्यातला १ सर्व्हरच्या दारात गेला, म्हणजे रस्त्यावर १००, एका वाटेला ५०. मग शून्यापासून ५० वर निरोप पोचायला हवा होता, सर्व्हर म्हणतो २०५०. माझं घड्याळ बरोबर दोन सेकंद मागे आहे.

यात एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे, जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाकडे जाताना गर्दीत अडकलात आणि येताना रस्ता मोकळा मिळाला, तर हा हिशोब तेवढा चुकणार. नेटवरही तसंच, म्हणून घरच्या कनेक्शनवर दोन-चारपासून काही डझन मिलिसेकंदांपर्यंतची चूक राहते. दुकानाच्या कामाला ती कुठेच जाणवत नाही.

सर्व्हरांची उतरंड असते. सगळ्यांत वर अणुघड्याळ किंवा उपग्रहावरून वेळ घेणारं यंत्र, त्याची पायरी शून्य. त्याला थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या पायरीवर, त्याला विचारणारा दुसऱ्या. पंधराव्या पायरीपर्यंत चालतं. सोळा म्हणजे 'माझ्यावर विश्वास ठेवू नका'.

कुणाला विचारायचं

विंडोज मुळात मायक्रोसॉफ्टच्या 'टाइम डॉट विंडोज डॉट कॉम'ला विचारतं. घरी ते चालत असेल तर बदलू नका, उगाच बदल करून पुण्य लागत नाही.

कंपनी, संस्था किंवा सरकारी कार्यालय असेल तर गोष्ट वेगळी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार अशा सगळ्यांनी एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, आपली घड्याळं जोडायची आहेत. नवी दिल्लीची ही प्रयोगशाळा म्हणजे एनपीएल, भारतीय प्रमाणवेळ अणुघड्याळांवर तिथेच सांभाळली जाते. एनआयसीचे सर्व्हर 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन' आणि 'समय२ डॉट एनआयसी डॉट इन'. इथे 'समय' इंग्रजी अक्षरांत आणि पुढचा आकडा इंग्रजी, मध्ये जागा नाही. एनपीएलचा 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग'.

तिसरा पर्याय 'इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग'. हा एक सर्व्हर नसून २००३ पासून चालू असलेला स्वयंसेवकांचा मेळा आहे. कुणी ना कुणी आपल्या खर्चानं सर्व्हर चालवतो आणि तुमचा प्रश्न त्यातल्या एकाकडे जातो. फुकट आहे म्हणून दर सेकंदाला विचारू नये. २००३ मध्येच अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर घरगुती राऊटरांची अशी झुंबड उडाली होती, कारण राऊटर बनवताना तो एकच पत्ता आत पक्का लिहून टाकला होता आणि उत्तर आलं नाही की ते दर सेकंदाला विचारायचे.

सर्व्हर बदलायला विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत 'टाइमडेट डॉट सीपीएल' टाइप करा, एंटर. 'इंटरनेट टाइम' नावाच्या टॅबमध्ये 'चेंज सेटिंग्ज', तिथे पत्ता लिहा, 'अपडेट नाऊ' आणि ओके. टॅबच दिसत नसेल तर मशीन कंपनीच्या डोमेनवर आहे. तिथे वेळ कंपनीचा मुख्य सर्व्हर देतो, तुम्ही हात लावायचा नाही.

तरीही होत नसेल तर

शोध बॉक्समध्ये 'सीएमडी' लिहा, येणाऱ्या नावावर राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. काळ्या खिडकीत 'डब्ल्यू३२टीएम', मग एक जागा, मग 'स्लॅश क्वेरी', पुन्हा एक जागा, मग 'स्लॅश स्टेटस' अशी आज्ञा द्या. आठ-दहा ओळी येतील. त्यातली 'सोर्स' ही एकच ओळ बघा. तिथे सर्व्हरचं नाव असेल तर छान. 'लोकल सीमॉस क्लॉक' असेल तर मशीन बाहेर कुणालाच विचारत नाहीये, आपल्याच तापलेल्या तुकड्यावर विसंबून आहे.

सर्व्हिस चालू नाही असा निरोप आला, तर विंडोज आणि आर दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' उघडा, यादीत 'विंडोज टाइम' शोधा, त्याचा स्टार्टअप प्रकार 'ऑटोमॅटिक' करा आणि 'स्टार्ट' दाबा. कॉम्प्युटर फास्ट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं ही सर्व्हिस खुशाल बंद करून टाकतात. त्या सॉफ्टवेअरांबद्दल माझं मत छापण्याजोगं नाही.

मग पुन्हा काळ्या खिडकीत 'डब्ल्यू३२टीएम', एक जागा, 'स्लॅश रीसिंक'.

इतकं करूनही वेळ येत नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. हॉटस्पॉटवर जुळलं आणि हापिसच्या नेटवर जुळत नसेल, तर वाटेतली फायरवॉल अडवतेय. एनटीपी यूडीपीच्या १२३ नंबरच्या पोर्टवरून चालतं. नेट सांभाळणाऱ्याला "यूडीपी १२३ बाहेर जाऊ द्या" इतकंच सांगा, त्याला कळतं.

विंडोज ७ च्या जुन्या मशीनवर आणखी एक गोष्ट. ते मुळात आठवड्यातून एकदाच वेळ विचारतं. त्या वेळी वीज नसेल, नेट नसेल, की जुळणी लांबली. अशा मशीनवर सोमवारी सकाळी उदबत्ती लावली की 'अपडेट नाऊ' दाबायची सवय लावून घ्या.

लिनक्सवाल्यांना फार सांगायला नको. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' लिहिलं की झोन, यूटीसी आणि जुळणी झाली की नाही, सगळं एका जागी दिसतं. मघाचं साडेपाच तासांचं भांडण हे, की विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात भारतीय वेळ आहे असं धरतं आणि लिनक्स तिथे यूटीसी आहे असं धरतं. एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ उडी मारतं. लिनक्सला विंडोजसारखं वागायला लावणं सोपं: 'टाइमडेटसीटीएल', एक जागा, 'सेट-लोकल-आरटीसी', एक जागा, आणि इंग्रजी १. लिनक्स यावर नापसंतीची सूचना दाखवतं. भारतात घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढे-मागे होत नाहीत, त्यामुळे तिकडे दुर्लक्ष केलं तरी आपलं अडत नाही.

कॅमेरे आणि थंब मशीन

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मला कॉम्प्युटरसाठी नाही, भांडणासाठी बोलावलं होतं. हजेरीचं थंब मशीन सहा मिनिटं पुढे, हापिसचा कॉम्प्युटर बरोबर, गेटचा कॅमेरा अडीच तास पुढे. पाळीला वेळेवर आलेल्या कामगारांचे 'उशिरा' लागून पैसे कापले गेले होते, आणि कॅमेऱ्यात बघावं तर त्या वेळेला गेट रिकामं. त्यांच्यातले एक वयस्कर अण्णा म्हणाले, "गिरणीत भोंगा एकच असायचा. मालकाला पण तोच, आमाला पण तोच." जुन्या मिलचा भोंगा सगळ्या गावाचं घड्याळ होता, हे माझ्या आजोबांकडून मीही ऐकलेलं आहे.

कॅमेऱ्याचा तो अडीच तासांचा फरक लक्षात ठेवा. बरेच डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे, मुळात चीनच्या वेळेवर, म्हणजे अधिक ८ तासांवर लावून येतात. त्यात एनटीपी चालू केलं की ते इमानेइतबारे चीनची वेळ दाखवतात. डीव्हीआरच्या मेन्यूत सिस्टिम किंवा जनरल सेटिंगमध्ये तारीख-वेळेचं पान शोधा, झोन अधिक ०५:३० करा, मग एनटीपी चालू करून सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट १२३ भरा. पत्ता नावानं घेत नसेल, तर नेटवर्कच्या पानावर डीएनएस (नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता शोधून देणारा) भरलेला आहे का बघा, तो रिकामा असतो. वेळ बदलण्याआधी जुना फरक किती होता ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढे कुणी जुनं फुटेज मागितलं तर हिशोब लागतो.

थंब मशीन बहुतेक वेळा हजेरीच्या सॉफ्टवेअरमधून जोडलेल्या कॉम्प्युटरची वेळ घेतं. तिथे मशीनची वेळ जुळवायचं बटण असतं. म्हणजे कॉम्प्युटर आधी बरोबर हवा. त्या कारखान्यात आम्ही तिन्ही एका सर्व्हरला जोडली आणि कापलेले पैसे मालकांनी परत दिले.

सेल बदलताना

कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा, कॅबिनेट उघडा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल दिसेल. बाजूची छोटी पट्टी नखानं दाबली की तो उडतो. नवा बसवताना अधिकची खूण आणि अक्षरं वर. मग चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख लावा. सेल काढल्यावर बायोसची बाकी सेटिंगही मूळपदावर जाऊ शकते, म्हणून काढण्याआधी त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. विंडोज चालू होईना तर घाबरण्याआधी ते फोटो बघून सेटिंग तशी करा. लॅपटॉपचा सेल मात्र स्वतः उघडू नका, काहींत तो वायरीनं जोडलेला असतो आणि काहींत वेगळा नसतोच.

सेल साधारण तीन ते पाच वर्षं जातो. आपल्याकडे रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत आहे, ती चांगलीच आहे, पण वायरीतून वीज येत असेपर्यंत घड्याळ त्या विजेवर चालतं आणि मेन पाडला की सेलवर. त्यामुळे रोज बारा तास अंधारात असणाऱ्या मशीनचा सेल लवकर उतरतो. नवा सेल टाकला की त्या दिवसाची तारीख मार्करनं कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर लिहून ठेवा. बाहेर लिहिली तर पुसली जाते, आणि कागदाची चिठ्ठी फॅनमध्ये अडकते.